अण्णांचा डबा आणि तारीख

गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा फराळाआधी अण्णांनी मला हळूच आतल्या खोलीत बोलावलं. चेहरा असा, की मला वाटलं तब्येतीचं काहीतरी असणार. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "अगं, माझ्या हातून कम्प्युटर बिघडलाय बहुतेक. आषाढापासून नेट नाही. कुणाला बोललो नाही फारसं."

आषाढापासून म्हणजे चार महिने!

तर या डब्याची आधी ओळख करून देते. २०१० साली घेतलेला, उभा, काळा, टेबलाखाली पाय ठेवायच्या जागेत बसवलेला डेस्कटॉप. विंडोज ७. समोरचं एक झाकण केव्हाच निखळलंय, तिथे अण्णांनी कॅलेंडरचा पुठ्ठा कापून लावलाय. मागे पॅरलल पोर्टात एक छोटं कुलूप अडकवलेलं आहे. ते असल्याशिवाय त्यांचं जुनं मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर उघडत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये अण्णा निवृत्तीनंतर आमच्या तालुक्यातल्या वीरगळांची नोंद करताहेत. कुठल्या गावात, कुठल्या देवळामागे, कुठल्या शेताच्या बांधावर कोणता दगड उभा आहे, त्यावर किती टप्पे कोरलेत, कुणी त्याला शेंदूर फासलाय, कुणी त्यावर कपडे धुतं. मजकूर सगळा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात, म्हणजे दुसऱ्या कम्प्युटरवर उघडला तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

अण्णा एकेका गावाची नोंद झाली की पीडीएफ करून जाणकार मंडळींना मेलवर पाठवायचे, ते दुरुस्त्या कळवायचे. नेट गेलं तसं हे थांबलं. आणि हे थांबलं तसं लिहिणंही थांबलं. आई म्हणाली, "हल्ली दुपारी झोपतात." ज्यांना अण्णा माहीत आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल.

चार महिन्यांत उपाय झाले नव्हते असं नाही. नेटच्या कंपनीला फोन केला, त्यांनी राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. केला. मग म्हणाले, मोबाईलवर नेट चालतंय ना? चालतंय. मग आमच्याकडून सगळं ठीक आहे. गावातला दुरुस्तीवाला अण्णांचाच माजी विद्यार्थी. तो आला, पाच मिनिटं बघितलं आणि आदरानं म्हणाला, "सर, जुना झालाय आता. फॉरमॅट मारून बघू, नाहीतर नवा घ्या." दादाला बंगलोरला फोन केला तर तो म्हणाला, "अण्णा, कशाला त्या डब्याच्या मागे लागता? मी नवा लॅपटॉप पाठवतो."

तिघांचं निदान एकच होतं: जुना झालाय. आज मला भांडायचंय ते या निदानाशी.

'जुना झालाय' हे निदानच नाही मुळी. ते वर्णन आहे. जुनेपणामुळे नेमकं काय मोडलं, कुठे मोडलं, हे त्यातून काहीच कळत नाही. डॉक्टरांनी गुडघा न तपासताच 'वय झालं' म्हणावं तसलं हे. दुसरा गुडघाही त्याच वयाचा असतो की, तो का नाही दुखत? आणि फॉरमॅट मारणं म्हणजे तर काय बिघडलंय ते न बघता घरातलं सगळं सामान रस्त्यावर काढून पुन्हा लावणं. अण्णांचं ते टंकनाचं सॉफ्टवेअर ज्या सीडीवरून टाकलं होतं तिच्यावर बुरशी चढलेली मी डोळ्यांनी पाहिली. फॉरमॅट मारला असता तर सॉफ्टवेअर गेलं असतं आणि फायली वाचल्या असत्या तरी वाचता आल्या नसत्या. अण्णांनी फॉरमॅटला नाही म्हटलं ते कारण कळून नाही, "नको वाटलं" म्हणून. त्यांच्या त्या 'नको वाटलं'चे उपकार मानावेत तेवढे थोडे.

मग मी बसले खाली, टेबलाखाली मांडी घालून.

मला यातलं फार कळतं असा दावा नाही. पण नव्वदीच्या शेवटी घरात पहिला मोडेम आला तेव्हा मी कॉलेजात होते आणि तो चालू ठेवायची जबाबदारी माझी होती. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरची ती चार-पाच वर्षं आठवतात का? फोनच्या तारेवरून नेट यायचं आणि येताना आवाज करायचं. आधी डायल टोन, मग नंबर फिरल्याचे टिंगटिंग आवाज, मग पलीकडची रिंग, मग ती प्रसिद्ध किंकाळी आणि खरखर. आवाज कुठे थांबला यावरून बिघाड कुठे आहे ते कळायचं. डायल टोनच नाही? मग कुणीतरी फोन उचललाय. रिंग वाजून एंगेज? पलीकडे गर्दी. किंकाळी अर्ध्यात तुटली? लाईनीत खरखर, पाऊस पडलाय. कुणी शिकवलं नव्हतं, पण कान तयार झाले होते.

त्या आवाजानं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली. नेट 'आहे' किंवा 'नाही' असं नसतं. ती एक साखळी असते, आणि तुटलेली कडी शोधायची तर जवळच्या कडीपासून सुरुवात करून एकेक करत लांब जायचं.

पहिली कडी वायर. डब्याच्या मागे जिथे केबल शिरते तिथे छोटे दिवे असतात. एक हिरवा स्थिर, दुसरा लुकलुकणारा. दोन्ही पेटत होते, म्हणजे वायर धड होती. उंदरांवर घेतलेला संशय मागे घेतला.

दुसरी कडी कम्प्युटर स्वतः. इथे 'पिंग' नावाची एक आज्ञा कामाला येते. काळ्या खिडकीत पिंग आणि पुढे एक पत्ता लिहायचा, की कम्प्युटर त्या पत्त्याला हाक मारतो आणि ओ आली का ते सांगतो. अमेरिकेतल्या माइक मूस नावाच्या माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये एक अडलेलं नेटवर्क तपासायला एका संध्याकाळीत हे लिहिलं, आणि पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. चाळीस वर्षं उलटून गेली, आजही ते तसंच चालतं. (हेही 'जुनं झालंय', बरं का!) १२७.०.०.१ हा प्रत्येक कम्प्युटरचा स्वतःला हाक मारायचा पत्ता. मारली. ओ आली. डबा शुद्धीवर होता.

तिसरी कडी राउटर, म्हणजे घरातल्या नेटची वेस. बाहेर जाणारं सगळं तिथूनच जातं. डब्याच्या मते वेशीचा पत्ता होता १९२.१६८.१.१. तिथे हाक मारली तर उत्तर आलं, 'पोचता येत नाही.' आणि गंमत म्हणजे हे उत्तर राउटरनं दिलेलं नव्हतं, डब्यानंच स्वतःला दिलेलं होतं. ओळीच्या सुरुवातीला स्वच्छ लिहिलेलं असतं कोण बोलतंय ते, पण तिकडे कुणी बघत नाही.

मग मी मोबाईल काढला. त्याचं वायफाय त्याच राउटरवरून उत्तम चालत होतं. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर मोबाईलच्या मते वेशीचा पत्ता १९२.१६८.०.१. म्हणजे दोघं एकाच घरात राहून वेगवेगळ्या वेशी सांगत होते!

"अण्णा, आषाढात काय बदललं?"

"काही नाही गं. हां, ते नवीन फायबरवाले आले होते. जुना राउटर काढून नवीन लावला."

झालं. २०१० साली ब्रॉडबँड जोडायला आलेल्या कुणीतरी या डब्यात सगळे आकडे हातानं भरून ठेवले होते. त्या काळी ही सर्रास पद्धत होती. डब्याचा पत्ता अमुक, वेस तमुक. तो राउटर होता तोवर सगळं सुरळीत. नवीन राउटर आला, त्याची वेस दुसरीकडे. मोबाईल दर वेळी राउटरलाच विचारतो, 'माझा पत्ता काय, वेस कुठे?' म्हणून त्याला फरक पडला नाही. डबा बिचारा सांगितलेल्या पत्त्यावर, पाडून टाकलेल्या वेशीवर, चार महिने थापा मारत उभा होता. यात वयाचा संबंध काय? कालच विकत आणलेल्या मशीनमध्ये तेच आकडे भरले असते तर तेही असंच अडलं असतं.

'पत्ता आपोआप घ्या' असं सेटिंग केलं. वेस सापडली. मग वेशीबाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला हाक मारली. ओ आली! मी टाळी वाजवली, अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले. पण साइट काही उघडेना.

इथेच बहुतेक लोक हात टेकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. एक बिघाड दुरुस्त करूनही परिणाम दिसला नाही की वाटतं आपलं निदानच चुकलं. मग केलेलं उलटं फिरवतात, आणखी दोन-चार सेटिंगं बदलतात आणि शेवटी काय मुळात बिघडलेलं होतं आणि काय आपण बिघडवलं हेच कळेनासं होतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली ती कागदावर लिहायची. हे कंटाळवाणं आहे खरं. पण स्वैपाकातही मीठ आणि तिखट एकदम वाढवलं तर नेमकं काय जास्त झालं ते कुठे कळतं?

आकड्यांच्या पत्त्याला ओ येते आणि नावाला येत नाही, याचा अर्थ नावाचा पत्ता शोधून देणारी वही सापडत नाहीये. डीएनएस म्हणतात ते हेच. तीही २०१० साली हातानं भरलेली, जुन्या कंपनीची. तेही आपोआपवर टाकलं. आता नावालाही ओ आली. ब्राउझर उघडला, मेलचा पत्ता टाकला, आणि समोर लाल त्रिकोण. 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही.'

आता मात्र माझा धीर सुटला. मनात म्हटलं, दादाचंच बरोबर. ब्राउझर काढून पुन्हा टाकायच्या बेतात होते, म्हणजे थोडक्यात फॉरमॅटच्याच रस्त्याला लागले होते. तेवढ्यात मागून अण्णा म्हणाले,

"तारीख लावलीस का?"

"कसली तारीख?"

"अगं, मी रोज सकाळी आधी तारीख-वेळ लावतो, मग नेट. नाहीतर उघडत नाही. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी तो १ जानेवारी २०१० दाखवतो. दोन वर्षं झाली. मी लिहूनसुद्धा ठेवलंय."

आणि त्यांनी शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली वही काढून दाखवली. तारीख, वीज किती वाजता गेली, परत आल्यावर कम्प्युटरनं काय तारीख दाखवली, मग काय केलं. दोन वर्षांच्या नोंदी! माझ्यासारखी अर्धवट तज्ज्ञ, तो दुरुस्तीवाला, ती फोनवरची मुलगी, बंगलोरचा दादा, कुणीही त्यांना विचारलं नव्हतं, "तुम्हाला काय दिसतं?" ते सांगायला गेले असतील तरी आम्ही म्हटलं असणार, 'अण्णा, तुम्ही राहू द्या.'

मी खाली कोपऱ्यात बघितलं. १ जानेवारी २०१०.

हे असं का होतं ते सांगते. सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ते आपल्या कम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१० दाखवत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं, म्हणजे अजून लागू न झालेलं दिसतं, आणि तो दार लावून घेतो. पूर्वी साध्या साइटना हे लागत नसे, आता बहुतेक सगळ्यांना लागतं, म्हणून चुकलेलं घड्याळ आता नेट गेल्यासारखंच दिसतं. कुणी म्हणेल विंडोज नेटवरून वेळ आपोआप दुरुस्त करतं ना? करतं, पण फरक थोडा असेल तर. विंडोज ७ मध्ये मुळातल्या सेटिंगनुसार फरक १५ तासांच्या वर गेला की ते घड्याळाला हात लावत नाही. आणि घड्याळ मुळात मागे का जातं? मदरबोर्डवर घड्याळासाठी एक गोल, चपटा सेल असतो. सीआर २०३२. नावातच मापं आहेत, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तो संपला की भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर घड्याळ चालतं. अण्णा काटकसरीचे, रात्री सगळी बटणं बंद करून झोपणारे. त्यामुळे डब्याची रोज रात्री स्मृती जायची, आणि अण्णा रोज सकाळी त्याला आठवण करून द्यायचे, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यावी तशी.

सेल बाजारातून आणला, पन्नास रुपयांच्या आत मिळाला. जुना नखानं काढला, नवा बसवला, तारीख एकदा लावली. संपलं.

आणि हो, एक कबुली द्यायची राहिली. मला वाटत होतं हल्लीची यंत्रं बिघडल्यावर बोलत नाहीत, मोडेमसारखा आवाज करत नाहीत, नुसतं 'काहीतरी चुकलं' म्हणतात. पण नंतर तो लाल त्रिकोणाचा संदेश पूर्ण वाचला तर खाली घड्याळाची तारीख तपासा असं चक्क लिहिलेलं होतं. मी पहिली ओळ वाचून पुढे वाचलंच नव्हतं. तेव्हा यंत्रं मुकी झाली आहेत हे थोडंफार खरं असलं, तरी आपणही थोडे बहिरे झालो आहोत.

आता दादाची बाजू. ती अगदीच पोकळ नाही, आणि हा लेख तो वाचतो :). विंडोज ७ च्या सुरक्षेची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला थांबवली. असं मशीन नेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही, आणि मी अण्णांना तसं बजावलं. इथे 'जुना झालाय' हे खरं कारण आहे, कारण त्यात नेमकं काय धोक्याचं ते सांगता येतं. म्हणून आम्ही आधी सगळ्या फायलींच्या दोन प्रती काढल्या, मग जमेल तसा मजकूर युनिकोडमध्ये बदलायला घेतला. जोडाक्षरं फुटतात, रफार उडतात, एकेक पान तपासावं लागतं, पण होतंय. हे पुरं झालं की लॅपटॉप यायला माझी हरकत नाही. तोवर डब्यावर फक्त लिहिणं आणि मेल. नवीन घेऊच नये असं मी म्हणत नाहीये. नवीन घ्यायचं तर कारण माहीत असून घ्यावं. कारण न कळता घेतलेल्या लॅपटॉपवर त्या फायली उघडल्या नसत्या, आणि अण्णांनी पुन्हा मानलं असतं की आपलंच काहीतरी चुकलं.

मला खरी चीड येते ती याचीच. नेट चार महिने नव्हतं हे एक वेळ चालेल. पण ज्या माणसानं तीस वर्षं मुलांना 'का?' विचारायला शिकवलं, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून पटवून दिलं की इथे 'का' विचारायचं नसतं. 'जुना झालाय' हे आम्ही डब्याबद्दल म्हणत होतो, पण ऐकणारा खोलीत एकटाच होता.

निघायच्या दिवशी सकाळी बॅग भरत होते तर आतून कीबोर्डचा आवाज. डोकावले. अण्णा लिहीत होते आणि शेजारी ती आखलेली वही उघडी होती. आदल्या रात्रीची नोंद केली होती: 'बटण बंद, रात्री १०.४०. सकाळी तारीख बरोबर.' पुढच्या रकान्यात, जिथे दोन वर्षं 'तारीख हाताने लावली' असं लिहिलेलं होतं, तिथे एक रेघ मारली होती.

तेव्हा घरात असा एखादा डबा असेल आणि तो चालवणारं कुणी म्हातारं माणूस 'माझ्या हातून बिघडलं बहुतेक' म्हणत असेल, तर फॉरमॅटची सीडी शोधण्याआधी त्यांना एक विचारा. तुम्हाला काय दिसलं, आणि शेवटचं काय बदललं? आणि मग उत्तर पूर्ण ऐका. मीही ऐकलं नव्हतं.

असो. चिवडा मात्र या वर्षी जरा तिखट झाला होता. मीठ आणि तिखट एकदमच वाढवलं होतं आईनं.